अंगवळणी

सिस्टर केमुंतो सुई टोचते
तेव्हा मी भिंतीकडे बघते.
भिंतीवर टायरच्या कंपनीचं कॅलेंडर, गेल्या साली संपलेलं.
तीन नळ्या भरतात. दोन लाल टोपणांच्या, एक जांभळ्या.
बारा वर्षं झाली,
एव्हाना बादलीभर तरी दिलं असेल.

"तुझ्या अंगात काहीतरी आहे, कोकुशुबिला,"
मोठे डॉक्टर म्हणाले होते,
कुलूप लावलेल्या खोलीबाहेर उभं राहून
आत कुणीतरी आहे म्हणावं, तसं.
कोण, ते त्यांनाही ठाऊक नाही.
शिपाई असतात म्हणे पेशींचे, रात्रंदिवस जागे.
मला हसू फुटलं.
शिपाई मी पाहिलेत, डॉक्टर,
माझ्याच दारात उधारी ठेवून गेलेले.

माजेंगोत आमची दारं एका ओळीत.
दरेक दारापुढं एक बुटकं स्टूल, स्टुलावर बाई.
डावीकडच्या स्टुलावर मुकाबुता होती.
मग त्याच स्टुलावर तिची धाकटी बहीण.
मग कुणीच नाही,
मग स्टूलही कुणीतरी उचलून नेलं.
तेच पुरुष. तीच नळाची रांग. तोच पत्रा, तेच ऊन.
मुकाबुतेच्या आईनं मला विचारलं,
तू खातेस तरी काय?
वाईट मनानं नाही विचारलं.
मी खरं ते सांगितलं : मक्याची उगाली, सुकुमाची भाजी,
कधी माशाचं डोकं.
ती तरीही उभीच राहिली,
मी काही विसरले असेन म्हणून.

अंजेरा माझ्यासारखीच होती.
वहीत तिच्या नावापुढंही दर खेपेला तोच शेरा.
आम्ही दोघी हसायचो,
मरणानंसुद्धा आपल्याला नापसंत केलं म्हणून.
मग ती गावी गेली. भावाचं लग्न,
मग वहिनीचं बाळंतपण, मग राहिलीच दीड वर्ष.
सुधारली. गालांवर मांस आलं.
परतली आणि चौथ्या महिन्यात
सिस्टरनं वही मिटली, पेन आत तसंच ठेवून.

नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले,
पण रोज गाठ पडत होती तोवर
रक्ताला त्याची ओळख होती, असं दिसतं.
म्हणजे अंगवळणी पडलं होतं.
विसावलं, आणि विसरलं.

त्या रात्री मी पैसे मोजत होते
आणि मोजता मोजता थांबले.
ज्यातून सुटायचं म्हणून हे साठवते आहे
तेच मला राखतंय?
कुणाशी भांडावं कळेना.
नोटा पुन्हा डब्यात घातल्या, वर पीठ ओतलं.

आता बुकोबाहून निरोप आलाय.
आईची नजर गेली. केळीच्या बागेत कुणीही शिरतं.
जाऊ का, मी सिस्टरला विचारलं.
ती बराच वेळ कापूस शोधत राहिली,
हातात होता तो.
मग म्हणाली, परत आलीस तर आधी माझ्याकडे ये,
कुणाहीकडे जायच्या आधी.
आणि कंडोमची पाकिटं पिशवीत कोंबली,
वाटेत खायला शेंगदाणे द्यावेत तशी.

म्वान्झाहून रात्रीची बोट.
डेकवर कांद्यांची पोती, पोत्यांवर माणसं.
एक पुरुष सरकून मला जागा करून देतो,
तोंडावर टोपी ओढतो, झोपतो.
एवढंच.
मी बराच वेळ जागी, पुढचं काही होईल म्हणून.

कोपरावरची पट्टी अजून काढलेली नाही.
रक्ता, ऐक.
तुला पहाऱ्यावर मी बसवलं नव्हतं.
विसर आता. एकेक विसर.
कोवळं हो,
इतकं, की साध्या वाऱ्यानं ताप भरावा
आणि आईनं हात ठेवावा,
चाचपडत,
आधी नाकावर, मग डोळ्यावर,
मग सापडावं तिला
कपाळ.