तीनशे बारा

वेष्टन गेलं, नावाचं पान गेलं,
तेव्हापासून नाशिकरोडच्या आमच्या वाचनालयात
तिला सगळे नुसतं ‘रशियन’ म्हणतात.
‘रशियन आलीय का?’
‘नाही, निकम फिटरांकडे आहे. ओझरला.’

पाचशे चाळीस पानं, दोन घोडे, एक नायक,
आणि पान तीनशे बारावर एक दार.
बर्फातून चालत तो तिच्या दाराशी येतो,
हात उचलतो,
आणि वाजवत नाही.
उरलेली सव्वादोनशे पानं तो परतच जात असतो.

निकम म्हणाले, बरोबर आहे त्याचं.
विमानाच्या कारखान्यात त्यांच्याकडचा एक इंजिनिअर होता आमच्यात.
तीन वर्षं मी चहाला बोलावलं,
तीन वर्षं तो फाटकापर्यंत आला,
मोगऱ्याचं एक फूल तोडून हुंगलं, आणि गेला.
काही माणसांचं येणं फाटकापर्यंतचंच असतं.

शकुंतला बागूल, नोटप्रेसमधून रिटायर,
पानं उलटताना अजून ओठ हलतात, मोजल्यासारखे.
‘शाईच्या एका ठिपक्यासाठी अख्खा ताव बाद करायचो आम्ही.
हा अख्खा जन्म बाद करतो
आणि लेखक त्याला पास करतो?
माझ्या टेबलावर आला असता, तर केव्हाच कातरला असता.’
पण तीनदा नेली तिनं. रजिस्टरला नोंद आहे.

भद्रकालीतले रफिक कोकणी नायकाबद्दल काहीच बोलले नाहीत.
शिंपी माणूस. बोट ठेवून एक ओळ दाखवली:
उजव्या हातमोज्याची शिवण उसवलीय, हे दोनशे नव्वदलाच आलंय.
‘बावीस पानं बोटं उघडी, त्या थंडीत.
हाताला दार कळलंच नसेल, साहेब.
त्यानं वाजवलं असेल. आवाज झाला नसेल.’
टेप गळ्यात टाकून निघून गेले.
मी दोन दिवस तेवढंच घेऊन फिरत होतो,
बिटको चौकात सिग्नल सुटला तरी उभा.

माझं मत कुणी विचारत नाही.
बत्तीस वर्षं पुस्तकं देणाऱ्याला मत नसतं,
शिक्का असतो.

आणि मग यंदा भामऱ्यांची तेजल,
स्पर्धा परीक्षेला बसलेली, खुर्चीवर मांडी घालून वाचणारी.
‘काय लावलंय सगळ्यांनी, वाजवलं नाही, वाजवलं नाही!
तो आत गेला, काका.
शेगडीजवळ बसला, तिनं सूप दिलं,
आणि हा बाबा पेरणीबद्दल बोलत राहिला.
दाराबाहेरचा भित्रा परवडला.
आत येऊन बसलेला नाही.’

दाखव, म्हटलं.
तीनशे अकरा उलटलं की थेट तीनशे चौदा.
गेल्या मे महिन्यात बांधणी मीच केली होती,
खळ जरा जास्त पडली.
मधली दोन पानं छातीला छाती लावून घट्ट,
दार आतल्या आत मिटलेलं.
चौदावरची बाई त्याची बहीण. ते घरच दुसरं.

सांगायला तोंड उघडलं, तर ती अजून बोलतच होती,
गाल लाल, आवाज चढलेला,
कुणा तिसऱ्याच माणसावर रागावल्यासारखी.
कादंबरी चुकीची वाचली होती तिनं.
राग मात्र बरोबर पत्त्यावर चालला होता.
मी बराच वेळ गप्प राहिलो.

संध्याकाळी चहाची किटली पुन्हा ठेवली.
वाफेवर पान धरलं, कांद्याच्या पातीसारखं हळू सोडवलं.
सुटलं. पण निम्मी अक्षरं
समोरच्या पानावर जाऊन बसली होती, उलटी.
इकडे बर्फ, तिकडे हात.
इकडे ‘दारा’, आणि ‘शी’ पलीकडे.

तेजल बॅग भरता भरता थांबली.
‘आणा इकडे.’ मोबाईलचा पुढचा कॅमेरा लावला,
पान त्याच्यासमोर धरलं.
स्क्रीनवर आधी तिचा एक डोळा, मग रशिया.
हात उचलतो, इथपर्यंत वाचलं तिनं, मोठ्यानं.

पुढची ओळ
तिच्याच अंगठ्याखाली होती.