पाठपोट

परकार,
तुझं पत्र सोमवारी मिळालं, म्हणजे
सोमवारी मी मुहर्रकच्या पोस्टात गेले
आणि दोनशे सत्तावीस नंबरची पेटी उघडली.
इथे पोस्टमन दारात येत नाही.
घर कुठेही असो, पत्ता असतो वीतभर पत्र्याचा.
आणि तू, जन्मभर लोकांची घरं आखणारा,
सोळा वर्षं मला या वीतभर खोलीत लिहितोस.

नेहमी ट्रेसिंगच्या पाठीवर.
एकीकडे, ‘सुनीती, मस्कतला दमट आहे, गुडघा ठणकतोय’,
दुसरीकडे कुठल्याशा गोदामाचा जिना.
उजेडाकडे धरलं की
गुडघा नेमका सातव्या पायरीवर येतो.

मी विचारलं होतं,
माझ्या गोष्टीतल्या बाईला
बसल्या बसल्या समुद्र दिसायला हवा,
खिडकी किती वर ठेवू?
तू लिहिलंस, साडेसातशे. मिलिमीटर.
मग खाली, शिसपेन्सिलीत:
बसते कशावर? जमिनीवर की खुर्चीवर?
आणि नवरा गेल्यावरही तीच खुर्ची का?

तीन महिने गोष्ट तिथे अडली.
तिला मी खुर्ची दिलीच नव्हती, परकार.
आठ पानं घर दिलं होतं,
मोरीतल्या चेपलेल्या बादलीसकट,
आणि बाई उभी.

पुढे तीच गोष्ट तू वाचून परत पाठवलीस,
तीन परिच्छेदांभोवती ढग काढून.
लाल, फुगीर, पोरं काढतात तसे.
मला वाटलं, आवडले असतील.
चार दिवस मी खुशीत होते.
मग कळलं, तुमच्यात
नकाशातलं जे बदलायचं, त्याला ढग घालतात.
बाहेर बघितलं.
एप्रिलपासून या आभाळात दुसरा ढग नव्हता.

तुझ्या पत्रांच्या मागे काय काय आहे:
शाळेचं फाटक, दोन संडास,
मशिदीतली वजूची जागा, तिचा उतार लाल शाईत.
यातलं बांधलं किती, मी विचारलं नाही.
माझ्यातलं छापलं किती, तूही नाही.

आता लिहितोस, करार संपला.
व्हिसा अठ्ठावीस तारखेपर्यंत.
दाभोळला भावाच्या माडीवर एक खोली आहे,
‘छत खाली आहे, पण मीही वाकलोय’.
सवयीनं कागद उलटा केला.
उजेडाकडे धरला.
मग ट्यूबलाइटखाली.
मागे काही नाही.

तो कोरा कागद परत पाठवतेय, सोबत आहे.
निघण्याआधी त्यावर ती खोली काढ.
मापं घाल, आळस करू नकोस.
खिडकी किती वर, ते लिही.
खुर्ची दाखव.
चुकलं तर ढग मी काढीन.
पेटीचं भाडं डिसेंबरपर्यंत भरलंय.