बर्फाच्या कारखान्यामागे

वेंगुर्ल्याला, बर्फाच्या कारखान्यामागे,
उलट्या क्रेटांवर आम्ही चौघं.
बाटल्या कोकम सरबताच्या,
लेबलं अर्धवट खरवडलेली.

निवेदिता मठकरची नाचणीची बिअर
काळसर, फेस सायीएवढा दाट.
सायलूची आंबट.
"मुद्दाम केलंय," तो म्हणाला,
आणि कुणीच हसलं नाही.

मग माझी.
झाकण उघडलं, आवाजच नाही.
पास्कूने ग्लास दिव्याकडे धरला,
चूळ भरावी तशी तोंडात फिरवली,
बराच वेळ बंदराकडे बघत राहिला.
"बांगड्यावांगडा जायत."

ही शिवी होती
की शाबासकी, मला अजून कळलेलं नाही.
ग्लास मात्र त्यानं रिकामा केला.

निघताना स्वतःच्या बाटलीच्या तळाचा गाळ
त्यानं माझ्या बरणीत ओतला,
शेजारीण विरजण देते तसा,
न मोजता.
"घराक गेल्यार साखर घाल वायच.
झाकण घट्ट लावू नको."

सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत बरणी,
खड्डा आला की मी उतरून चालायचो.

रात्री ओट्यावर ती बुडबुडत होती.
दोनदा उठलो,
झाकण सैल आहे ना
बघायला.