चार बावन्नची नोंद

ओळीने चार रात्री, पहाटे चार बावन्नला
सावद्याची लाइन सुटते
आणि आपणहून पुन्हा लागते.
दिवे एकदा पापणी लववतात.
केळीला पाणी द्यायला जागा असलेला एखादा सोडला
तर कुणाला कळतही नाही.

मी रिलेचा कागद काढते:
बिघाड तेवीस पूर्णांक चार किलोमीटरवर.
पलीकडचं टोक म्हणतं, माझ्यापासून एकोणीस.
बेरीज केली तर लाइन
आहे त्याहून दीड किलोमीटर लांब निघते.
ठिणगीला स्वतःचा रोध असतो,
ती आपला पत्ता नेहमी थोडा पुढचा सांगते.

मुबारक तडवीने कागदाची घडी खिशात टाकली.
"बाई, या दीड किलोमीटरमंधी
सात टॉवर हायेत. मले आयकू द्या."

त्याच्याकडे बापाचा ट्रान्झिस्टर,
सायकलच्या ट्यूबने बांधलेला.
काटा ठेवायचा दोन स्टेशनांच्या मधे,
जिथे कुणी गात नाही, बातम्या देत नाही.
तिथे लाइन बोलते.

पाचव्या रात्री मीही गेले.
आठ अंश. पाटचारीच्या कडेने चालताना
केळीची पानं दव गाळत होती मानेवर,
सातपुडा नुसता काळा.

सत्त्याऐंशीखाली खरखर.
अठ्ठ्याऐंशीखाली एवढी, की मी म्हटलं, हाच.
"थांबा," तो म्हणाला, "आवाज तारेवरून चालत येतो,
पाव्हन्यासारखा.
निंघाला कुठून, ते इचारा लागतं."
एकोणनव्वदखाली त्याने ट्रान्झिस्टर आडवा धरला,
हळूहळू फिरवला.
खरखर मेली. पुन्हा जिती झाली.
मग त्याने मान वर केली.

मधल्या फेजची साखळी, खालून तिसरी तबकडी.
केळफुलाच्या आतल्या पाकळीचा रंग,
बोटाएवढा,
धड लागत नव्हता, धड सुटत नव्हता.
ओलं सरपण सुरसुरतं तसा आवाज
आणि वीज पडून गेल्यावरचा वास.

नऊ वर्षं मी रजिस्टरात लिहिते: फ्लॅशओव्हर.
चार बावन्नला तो अख्ख्या साखळीवरून धावला, पांढरा,
आणि मला शब्द आठवेना.
मनगटाला धरून मुबारकने मागे ओढलं
तेव्हा कळलं, मी टॉवरकडे चालत निघाले होते.

दुपारी परमिट घेतलं, अर्थिंग लावलं, तो चढला.
खाली आलेल्या तबकडीवर
डोळ्याएवढा जळका डाग,
बाकी सगळीकडे बारीक करडा थर.
दिवाळीनंतर शेजारी वीटभट्टी लागलीय.
दिवसभर राख बसायची,
पहाटे दव तिला रस्ता करून द्यायचं.

कारणाच्या रकान्यात पर्याय होते:
झाड, पक्षी, वादळ, अज्ञात.
मी समासात लिहिलं: राख आणि दव.

"रेडिओचं लिहू नका, बाई," मुबारक म्हणाला,
"मंजुरी कुठी हाये म्हनून वरीसभर इचारतीन."
मग दारातून वळून,
"सेलचं बिल लावा पन.
दोन सेल."