खांब क्र. ११४

पिवळे दिवे होते तेव्हा
दर तीन महिन्यांनी मी त्यांच्या वाट्या उघडायचो.
चार स्क्रू, मग काच,
मग काचेच्या तळाशी ते:
पंख निराळे, पाय निराळे,
एखादा भुंगेरा अख्खा,
हिरवा, कुडीतल्या खड्यासारखा.
शिडीच्या गाडीवर उभा राहून
सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतायचो.
डबा भरला तरी हात रिकामाच वाटायचा.

आता पांढरे दिवे आलेत. सीलबंद.
आत मुंगी शिरत नाही.
टिपणीससाहेब म्हणाले, बघा भोईर,
किड्यांचा त्रास संपला.
सुलभा वाघमारेला विचारा.
पहाटे पाचला ती पाम बीचवर झाडू मारते.
म्हणते, दादा, तुमच्या दिव्यांचा कचरा
हल्ली झाडांच्या कचऱ्याहून जास्त निघतो.

हे सगळं खाजण होतं.
बाप अवसेच्या रात्री बत्ती घेऊन चिखलात उतरायचा,
मी मागे, टोपली धरून.
उजेडात चिंबोरी थिजते, पळायचं विसरते.
"उजेर जपून दाखव पोरा," तो म्हणायचा,
"त्यांना डोले मिटता नाय येत."
मग जमीन गेली, साडेबारा टक्क्यांचा कागद आला,
कागदामागून मी, पालिकेत वायरमन.
बापाची बत्ती माळ्यावर.
माझ्या हाताखाली दोनशे साठ खांब.

अश्विनात तुडतुडे येतात.
भात पिकलं की उजेडाला यायचे,
आई ताटावर पदर धरायची.
आता करावे गावात गुंठाभर भात नाही.
तरी येतात.
कुठल्या शेतावरून, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात ११४ खाली एक मुलगी,
कांदळवनाच्या बाजूला पांढरी चादर ताणून
वहीत रेघा मारत बसलेली. शर्वाणी नाव.
मी म्हटलं, पतंग दिव्याच्या प्रेमात पडतो म्हणतात.
ती हसली नाही.
म्हणाली, काका, ते दिव्याकडे येतच नाहीत.
जिकडे उजेड तिकडे आभाळ, एवढंच त्यांना ठाऊक.
म्हणून उजेडाकडे पाठ करतात,
पाठ वर, पोट खाली,
की झालं सरळ उडणं.
दिवा मध्येच लागला
की त्याच्याकडे पाठ करत राहतात,
आणि गोल फिरत राहतात.

मी खांबाला हात लावून उभा.
आमच्यात पाठ फिरवली म्हणजे माणूस गेला.
हे पाठ फिरवतात
आणि तिथेच राहतात.

काल रात्री सव्वादोनला
११४ ची पेटी उघडून फ्यूज खिशात टाकला.
नोंदवहीत लिहिलं: दोष शोधणे चालू.
एक-दोन फेऱ्या त्यांनी
नसलेल्या दिव्याभोवतीच मारल्या.
मग सुटले एकेक.
पलीकडे ११३ आणि ११५ लख्ख होते.
सगळे खाडीकडेच गेले असं मी म्हणणार नाही.
एक माझ्या शर्टावर बसला, खिशाच्या वर,
राखाडी, अंगठ्याएवढा,
पंखांवर दोन डोळे काढलेले. उघडेच.

साडेदहाला तक्रार आली. सोसायटीतल्या बाई:
मुलगी क्लासवरून येते हो, तिथे अंधार का?
तेही खरंच.
दिवे लागायच्या आत फ्यूज बसवला.

घरी शर्ट खुंटीला,
आणि तो अजून त्यावर.
आई म्हणाली, दिवा लाव, तिन्हीसांजा झाल्या.
लावतो, म्हटलं.
आधी खिडकी उघडली,
आणि जरा वेळ तसाच बसलो.