मुद्देमाल

सातपूर ठाण्याच्या मागच्या आवारात
दोनशे सीसीची काळी गाडी उभी आहे.
चाकांत हवा नाही, सीटवर शेवाळ,
हँडलला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी :
गुन्हा नंबर, कलम तीनशे चार अ,
खाली माझी सही.

त्याच नंबरावर आत कपाटात
तीन कप्प्यांचा एक डबा.
मधला कप्पा चेपलाय, उघडत नाही.
दामोदर गांगुर्डे, सेकंड शिफ्ट, सायकलवरून घरी.
पंचनाम्यात मीच लिहिलं :
रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत.

पोरगा कोर्टात दर तारखेला भेटतो.
शर्ट खोचलेला. लायसन गेलं,
पाथर्डी फाट्यावरून सिटीलिंकनं येतो, उभ्यानं.
परवा म्हणाला, "साहेब, गाडी कधी सुटेल?"
मग स्वतःच, "नको. राहू द्या."

त्र्यंबक रोडला रात्री कुणी सायलेन्सर फाडत गेलं
की मी नकळत मोजायला लागतो.
आवाज लांब जाऊन विरला
तर चहा सांगतो.

गांगुर्डेबाई एकदाच आल्या.
डबा मागितला.
म्हटलं, निकालानंतर.
"बरं," म्हणाल्या,
"भाजी उरली असेल त्यात,
तेवढा धुऊन ठेवा."