निरंक

रकाना सतरा : आईचे शिक्षण.
रकाना अठरा : वडिलांचे शिक्षण.
इथे आल्यावर पोरांचं पेन थांबतं.
काचेच्या अलीकडे मला ते ऐकू येतं,
पेन थांबल्याचं.

मी सांगते, निरंक लिही.
निरंक म्हणजे काही नाही.
त्यात लाजायचं काही नाही, असंही सांगते
आणि स्टॅम्पपॅडचं झाकण उगाच उघडते, मिटते.
माझ्या अर्जावरही हाच शब्द आहे,
पंचवीस वर्षांपूर्वीचा, निळ्या शाईत.

तुर्भ्याचं रात्र महाविद्यालय.
सकाळी इथे प्राथमिक शाळा भरते,
म्हणून बाकं लहान, गुडघे वर येतात,
आणि फळ्यावर घराचा घ पुसायचा राहिलेला.
त्याच्या शेजारीच कोटणीस सर मागणीचा वक्र काढतात.

स्वरांजली विटकर, प्रथम वर्ष वाणिज्य.
दिवसा वाशीच्या मसाला मार्केटात मिरचीची देठं खुडते.
ती वर्गात आली की पहिल्या तीन बाकांना शिंका.
सरांनाही.
मागणीची लवचीकता शिकवताना सर
एकदा सलग नऊ वेळा शिंकले
आणि डोळे पुसत म्हणाले,
विटकर, तू खिडकीपाशी बस.
पण बस.

हजेरी ते सात दहाला घेतात.
वेळापत्रकात साडेसहा आहे.

दाखल्याला एकसष्टच्या आधीचा पुरावा लागतो.
तिचे आजोबा तेव्हा कुठल्याशा घाटात दगड फोडत होते.
फोडलेल्या दगडावर कुणी नाव लिहीत नाही.
अर्ज तीन वेळा परत आला.
तिसऱ्या वेळी ती म्हणाली, मॅडम, राहू द्या,
मी मिरचीच बघते.

मला काही बोलायला सुचलं नाही.
पदाजी शिपायाने तिच्यापुढे चहा ठेवला, न विचारता,
आणि ग्रंथालयातून रोहिदासला हाक मारली.
रोहिदास तिसऱ्या वर्षाला.
शनिवारी टेबल मांडून बसतो, लोकांचे कागद जुळवतो.
त्याचा स्वतःचा अर्ज चारदा परत आला होता,
त्याला तहसीलची टेबलं तोंडपाठ,
कुठला साहेब जेवायला कधी उठतो तेसुद्धा.

त्याने गावाकडे फोन लावला, मग शाळेला,
मग पुन्हा शाळेला, मग पुन्हा.
आणि कपाटाच्या तळातून निघाला,
कडा वाळवीने खाल्लेला,
चुलत आजोबांचा दाखला :
हणमंता यल्लप्पा, जात वडार, इयत्ता पहिली.
शाळेत तीन महिने. सन अठ्ठावन्न.
शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर.

त्या गैरहजर माणसाच्या जिवावर
पोरीची फी माफ झाली.
निम्मी.
उरलेली चार हप्त्यांत. दोन यायचेत.

पालकसभेला हुलगव्वा आल्या, तिची आई,
खाणीवरून थेट, पापण्यांवर भुकटी.
आत या म्हटलं तर पायरीशीच बसल्या.
बोटाचं पेर पायरीवर वाजवलं, मान कलती केली,
पुन्हा वाजवलं.
“ह्यो कच्चा हाय. दोन वर्सांत फुटंल,
पोरं पडतील. साहेबाला सांगा.”
साहेब बाहेर आले, चष्मा चढवून
बराच वेळ पायरीकडे बघत राहिले.
त्यांना काहीच दिसलं नाही. मलाही.

संगणकावर रकाना सतराला पर्याय सहा.
सातवा नाही.
मी निरंक निवडलं, दुसरं काय करणार.
छापील प्रतीवर मात्र पेन्सिलीने, बारीक :
दगड वाजवून ओळखतात.

नियमात बसत नाही, मला माहीत आहे.
छाननीत कुणी विचारलं
तर मी आहेच खिडकीत,
साडेनऊपर्यंत.